सापडलेली फाटकी नोट : किंमत किती आणि मालकी कोणाची?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका जुम्म्याला नमाजनंतर आमच्या जमाअतमधील एक तरुण हुजऱ्यात आला. हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात मूठभर काळपटलेली नाणी, आणि वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवलेले एक चामडी पाकीट. पाकिटाचे चामडे चिखलाने कडक झाले होते, आतल्या नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. "मौलाना, हे सर्व गणेशपुरीला नदीत मिळाले. बँक फाटक्या नोटा बदलून देते असे ऐकले आहे. बदलून घेतले तर हलाल होईल ना?"

प्रश्न साधा वाटला. उत्तर देऊ लागलो तेव्हा लक्षात आले की त्याने एका प्रश्नात दोन प्रश्न गुंडाळले आहेत आणि बहुधा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नाही. खराब झालेल्या नोटेची किंमत किती उरली, हा पहिला. ती नोट कोणाची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बँकेच्या खिडकीवर मिळते. दुसऱ्याचे तेथे कोणी विचारतही नाही. आणि पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा आपोआप मिटला, असे आपले मन आपल्याला समजावते. नोट इतकी कुजली, फाटली, मातीमोल झाली, तर तिचा मालकही जणू मातीत गेला! या समजुतीविषयीच आज आपल्याशी बोलायचे आहे.

आपल्या भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी आपणांस ठाऊक असेलच. तानसा नदीच्या काठचे गाव, गंधकाच्या वासाची गरम पाण्याची कुंडे, आणि १९६१ साली ज्यांचे निधन झाले त्या भगवान नित्यानंदांची समाधी. जवळच वज्रेश्वरी आणि अकलोली. बाराही महिने यात्रेकरू येतात, गुरुपौर्णिमेला तर गर्दीचा पूर लोटतो. यात्रेकरू नदीत नाणे टाकतो, हात जोडतो आणि निघून जातो. मग पाणी उतरले की मुले जुन्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधून पात्रात ओढत फिरतात. रुपया-दोन रुपयांची अलीकडची नाणी पोलादाची असल्यामुळे चुंबकाला चिकटतात. शाळेच्या सुट्टीतला हा खेळ, आणि थोडी कमाईही. (येथे पालकांना एक सांगणे : तानसा धरण भरून वाहू लागले की खालच्या गावांना इशारा दिला जातो. त्या दिवसांत दोन रुपयांसाठी मूल पात्रात उतरत असेल, तर नाणे हलाल की हराम हा प्रश्न नंतरचा. जीव ही त्याहून मोठी अमानत आहे.)

आमचा तरुण अशाच मुलांबरोबर गेला होता. नाणी चुंबकाने निघाली. पाकीट मात्र काठच्या झाडाच्या मुळांत अडकलेले त्याच्या हाती लागले.

प्रथम नाण्यांचा विचार करू, कारण तो लवकर आटोपणारा आहे. फुकहांनी सापडलेल्या वस्तूंमध्ये एक मूलभूत भेद केला आहे : मालकाच्या हातून निसटलेली वस्तू आणि मालकाने समजून-उमजून सोडून दिलेली वस्तू. कापणीनंतर शेतात उरलेली कणसे किंवा फेकलेल्या फळांच्या बिया कोणी उचलल्या तर मालक त्यांच्या शोधात येणार नाही. त्यांची दवंडी पिटत बसणे हा अतिरेकच ठरेल. वाहत्या नदीत टाकलेले नाणे वरकरणी याच जातीचे आहे. पण ते टाकणाऱ्याने एका श्रद्धेने टाकले आहे, "कोणीही घ्यावे" म्हणून नाही. अशा अर्पणाच्या पैशाविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. आणि ज्या कुंडाची, मंदिराची व्यवस्था एखाद्या विश्वस्त संस्थेकडे आहे, तेथील नाणे तर सरळच त्या संस्थेच्या ताब्यातले. त्याला हात लावणे ही चोरी आहे, शिवाय शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानाचा अवमानही. मी त्या तरुणाला इतकेच म्हणालो की जेथे शंका आहे तेथून मागे फिरणे हे दीनचे शहाणपण आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांना वाटेत एक खजूर पडलेला आढळला. तो सदक्याचा असण्याची शंका नसती तर आपण तो खाल्ला असता, असे त्यांनी सांगितल्याची नोंद बुखारीच्या संग्रहात आहे. खजूर एकच होता, लक्षात घ्या. नाणी त्याने गरजूंना द्यायचे ठरवले. तो विषय तेथे संपला.

आता पाकीट. यात मात्र घाई नको.

पाकीट कोणी नदीला अर्पण करीत नाही. अंघोळीसाठी काठावर कपडे काढून ठेवताना ते घसरले असेल, किंवा वरच्या एखाद्या गावातून पुराच्या पाण्याने वाहून आणले असेल. ते ज्याच्या हातून गेले त्याने त्या दिवशी खिसे चाचपले असतील, आल्या वाटेने परत जाऊन शोधले असेल. शरीअतच्या भाषेत याला 'लुकता' म्हणतात. उचलताना मनात "मालकाला पोहोचवीन" असे असेल तर ते उचलणाऱ्याच्या हाती अमानत ठरते. "माझे झाले" असे असेल तर त्याच क्षणी ती बळकावणूक ठरते. वस्तू तीच, हातही तोच, निर्णय मनातल्या एका वाक्यावर. म्हणूनच हदीसमध्ये लुकता उचलणाऱ्याने साक्षीदार ठेवावा आणि लपवू नये अशी ताकीद आढळते. मनातले वाक्य दुसऱ्या दिवशी बदलू शकते, साक्षीदारासमोरचे बदलणे अवघड.

हजरत जैद इब्ने खालिद (रजि.) यांच्या रिवायतमध्ये एक माणूस पैगंबरांना (स.) सापडलेल्या वस्तूबद्दल विचारतो. उत्तराचा आशय असा : आधी तिची थैली आणि तिचे बंधन नीट ओळखून ठेव, मग एक वर्ष जाहीर करीत राहा, आणि तरीही मालक आला नाही तर ती उपयोगात आण. पुढे मालक आला तर त्याला त्याचे देणे लागतोसच. या उत्तरातील क्रमाकडे पाहा. ओळख, मग घोषणा, मग उपयोग. थैली आणि बंधन ओळखण्यास का सांगितले? कारण उद्या दहा जण "माझेच" म्हणत येतील. खऱ्या मालकाला खुणा सांगता येतील, खोट्याला येणार नाहीत.

आणि नेमका येथेच आमच्या तरुणाच्या प्रश्नाने मला अडवले. नोट बँकेत बदलली की खूण नाहीशी होते. पाचशेच्या त्या विशिष्ट नोटेवर एक क्रमांक आहे. तिची घडी, तिच्या कोपऱ्यावरचा डाग आहे. खिडकीतून बाहेर येते ती कोरी, अनोळखी नोट. म्हणजे आधी बदलून घेणे आणि मग मालक शोधणे हा हदीसच्या क्रमाचा उलटा प्रवास झाला. पण थांबून राहावे तर ओल्या नोटा वर्षभरात भुकटी होतील, आणि मालक आला तरी त्याच्या हाती काही पडणार नाही. अमानत जपण्याच्या नावाखाली अमानतच नष्ट!

फुकहांनी या पेचाचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे, मात्र नोटेच्या नव्हे, नाशवंत वस्तूच्या संदर्भात. सापडलेली वस्तू टिकणारी नसेल तर ती विकून तिची किंमत मालकासाठी राखून ठेवावी, असे ते सांगतात. कुजू लागलेली नोट ही अशीच नाशवंत वस्तू समजण्यास मला काही हरकत दिसत नाही. मात्र विकण्यापूर्वी वस्तूचे वर्णन टिपून ठेवणे अनिवार्य. आम्ही तसे केले. नोटा कोमट पाण्यात सोडवल्या, टिपकागदावर सावलीत वाळवल्या. दोन नमाजींच्या समक्ष मोजल्या. प्रत्येक नोटेचा वाचता येईल तेवढा क्रमांक वहीत लिहिला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पाकिटाचा रंग, चेन, आतल्या कप्प्यात सापडलेली एक वस्तू यांचीही नोंद केली. ती वस्तू कोणती हे येथे लिहीत नाही, कारण आपण तिची खूण म्हणून राखून ठेवली आहे. आजच्या काळातील थैली आणि बंधन म्हणजे हेच.

आता बँकेचा हिशेब. पुष्कळांना तो ठाऊक नसतो आणि त्यामुळे फसवणूक होते. रिझर्व्ह बँकेचे नोट परतावा नियम २००९ चे, त्यांत २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. मळलेली किंवा थोडी खराब नोट कोणतीही बँक बदलून देते. तुकडा गमावलेल्या नोटेचे मोजमाप उरलेल्या सर्वांत मोठ्या एकसंध तुकड्यावर होते. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून अधिक भाग शिल्लक असेल तर पूर्ण किंमत, नसेल तर काही नाही. पन्नास व त्यावरील नोटेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याहून कमी असेल तर शून्य. हात लावताच चुरा होईल अशी किंवा जळून कोळसा झालेली नोट बँकेच्या शाखेत घेत नाहीत, ती रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच न्यावी लागते. मुद्दाम फाडलेली नोट नाकारली जाते.

पाकिटात मूळ १,३२० रुपये होते : पाचशेच्या दोन, शंभरच्या तीन, वीसची एक. पाचशेची एक नोट केवळ मळलेली होती, तिचे पूर्ण मिळाले. दुसरीचा सुमारे दोन तृतीयांश भाग उरला होता, तिचे अडीचशे. शंभरच्या दोन धड होत्या. तिसरीचा तिसरा हिस्साच शिल्लक, तिचे काही नाही. वीसच्या नोटेचा निम्म्याहून थोडा जास्त भाग होता, पूर्ण वीस मिळाले. एकूण ९७०. जे ३५० नदीने नेले त्यांची भरपाई त्या तरुणावर नाही, कारण अमानतदाराच्या हयगयीवाचून झालेले नुकसान त्याच्या माथी पडत नाही. पण त्याने नोटा महिनाभर ओल्याच पिशवीत ठेवल्या असत्या आणि त्यामुळे आणखी कुजल्या असत्या, तर मी हे इतक्या सहज म्हटले नसते.

रस्त्यावर फाटक्या नोटा घेऊन त्यांच्या बदल्यात थोड्या कमी रकमेच्या चांगल्या नोटा देणारे लोक आपण पाहिले असतील. बट्टा हा शब्द मराठीत जुना आहे. अंकुशी, चांदवडी अशा वेगवेगळ्या रुपयांच्या काळात सराफ नाणे पारखून बट्टा कापीत. तो व्यवहार आजही या रूपात शिल्लक आहे. मग त्यात वाईट काय? बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत खैबरच्या खजुरांचा प्रसंग आहे. तेथील वसुलीवर नेमलेल्या माणसाने उत्तम खजूर आणून दिले. सगळे खजूर असेच असतात का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की हलक्या खजुरांची दोन मापे देऊन याचे एक माप घेतो. पैगंबरांनी (स.) त्यास मनाई केली : हलके खजूर पैशाने विक, मग त्या पैशाने चांगले घे. एकाच जातीच्या वस्तूची कमी-अधिक अदलाबदल हा व्याजाचा चोरदरवाजा आहे. याच आधारावर आजच्या अनेक मान्यवर फकीहांच्या मते एकाच देशाच्या चलनात शंभराच्या फाटक्या नोटेचे ऐंशी रुपये घेणे-देणे जायज नाही. कोणी म्हणेल, त्या माणसालाही बँकेत खेटे घालावे लागतात, त्याच्या श्रमाचे काय? श्रमाची मजुरी जरूर द्यावी. ती वेगळी ठरवून द्यावी : माझी नोट बँकेतून बदलून आण, जे मिळेल ते मला दे, तुझ्या फेरीचे इतके रुपये. तेथे नोट नोटेला विकली जात नाही. ज्यांना हा फरक केवळ शब्दांचा वाटतो त्यांनी विचार करावा की बट्ट्यात अडाण्याचे अज्ञान विकले जाते. पाचशेची मळकी पण अखंड नोट चारशेला देऊन येणारी म्हातारी मी पाहिली आहे. बँकेत तिला पूर्ण पाचशे मिळाले असते, आणि फुकट.

याहून वाईट आणखी एक वाट आहे. ती आपण सर्वांनी कधी ना कधी धरली आहे. फाटकी नोट गड्डीच्या मध्यभागी सारायची, किंवा अंधारात रिक्षावाल्याच्या हाती टेकवायची. इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये कमाईच्या शिष्टाचारांविषयी लिहिताना एक विचार नोंदवला आहे : एक खोटा दिरहम चालवणे शंभर दिरहम चोरण्याहून भारी. कारण चोरी एकदाच होऊन संपते, खोटे नाणे मात्र हातोहात फिरत राहते आणि चालवणारा मेल्यावरही त्याचे पाप फिरत राहते. असे नाणे आपल्याकडे आले तर कोणाचा हात पोहोचणार नाही अशा विहिरीत टाकावे, असा त्यांचा सल्ला आहे. अर्थात आपली फाटकी नोट खोटी नाही, बँक तिचे मोल देते, म्हणून ती विहिरीत टाकण्याची गरज नाही. पण ती लपवून दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हे त्याच कुटुंबातले कृत्य आहे. घेणाऱ्याला दाखवा, "ही अशी आहे, चालेल का?" विचारा, त्याने घेतली तर हरकत नाही.

आणि हो, मशिदीची चंदापेटी! इमाम म्हणून हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, तरीही लिहितो. पेटी उघडतो तेव्हा पावलीची नाणी निघतात, जी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. चिकटपट्टी लावलेल्या नोटा निघतात, ज्या वाण्याने नाकारल्या असतील. नोव्हेंबर २०१६ नंतर कितीतरी दिवस जुन्या पाचशेच्या नोटा निघत होत्या. मदीनेत काही लोक मशिदीत गरिबांसाठी टांगायच्या घडांत नासके, निकृष्ट खजूर आणून टांगीत. त्या संदर्भात सूरह बकरातील आयत अवतरली असे हजरत बराअ (रजि.) सांगतात. आशय असा, की जी वस्तू तुम्हाला कोणी दिली तर डोळे मिटल्याशिवाय तुम्ही घेणार नाही, ती निवडून अल्लाहच्या वाटेत देऊ नका. फाटकी नोट आधी बँकेत न्या, जे मिळेल ते पेटीत टाका. अल्लाहला नोट नको, पण त्याच्या घराची फरशी पुसणाऱ्याचा पगार त्याच पेटीतून जातो.

ज्यांना वाळूत किंवा घराच्या पायात शंभर वर्षांहून जुनी नाणी सापडतील त्यांच्यासाठी थोडक्यात : १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गाडलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शरीअतमध्येही गाडलेल्या प्राचीन धनाला, रिकाजला, वेगळा नियम आहे, त्यातील पाचवा हिस्सा द्यावा लागतो. याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. येथे फक्त तो एक प्रसंग आठवतो, जो पैगंबरांनी (स.) पूर्वीच्या लोकांविषयी सांगितला. एकाने जमीन विकत घेतली, तिच्यात सोन्याने भरलेले मडके निघाले. घेणारा म्हणे, मी जमीन घेतली, सोने नाही. विकणारा म्हणे, जमिनीसकट सर्व दिले. दोघेही "तुझे" म्हणून भांडत न्यायकर्त्याकडे गेले. त्याने एकाच्या मुलाचे लग्न दुसऱ्याच्या मुलीशी लावून सोने त्यांच्यावर खर्च करण्यास सांगितले. आमच्या तालुक्यात जमिनीवरून किती भांडणे चालतात ते आपण जाणता. असे भांडण मात्र एकही ऐकिवात नाही.

परत पाकिटाकडे येतो. ९७० रुपये किती दिवस जाहीर करायचे? दहा दिरहम म्हणजे साधारण ३०.६ ग्रॅम चांदी. ही रक्कम त्या किमतीच्या पुष्कळ खाली आहे. हनफी ग्रंथांत अशा लहान रकमेसाठी काही दिवसही पुरेसे मानले आहेत, आणि इमाम सरखसी (रह.) यांच्या मते मालक आता शोध घेत नसेल अशी खात्री वाटेपर्यंत. शाफईंकडेही किरकोळ वस्तूसाठी वर्षाची सक्ती नाही. मग पुढे? हनफींच्या मते शोधणारा संपन्न असेल तर त्याने सदका करावा, गरीब असेल तर स्वतः वापरावे. शाफईंच्या मते संपन्नालाही वापरण्याची मुभा आहे. दोन्हींकडे एक गोष्ट समान : मालक आला तर त्याचा हक्क जिवंत आहे. सदका झाला असेल तर त्याने हवे तर मंजूर करावा आणि सवाब घ्यावा, नाहीतर आपली रक्कम मागावी. आमच्या भागात कोकणी मुस्लिम बहुधा शाफई, तर यंत्रमागावर आलेली मोमिन-अन्सारी कुटुंबे हनफी. तरुण कोकणी घरातला आहे. त्याला त्याच्या मजहबची मुभा मी सांगितली.

"पण मालक तर मुसलमान नसणार," तो हळूच म्हणाला. मी त्याला हिजरतच्या रात्रीची आठवण दिली. मक्केतील जे लोक पैगंबरांच्या (स.) जिवावर उठले होते, त्यांच्याच ठेवी त्यांच्या घरी होत्या. त्या परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले. ठेवी शत्रूंच्या होत्या, तरी त्या प्रत्येकाला पोहोचल्या. तो पुढे काही बोलला नाही.

घोषणा कोठे करायची हा प्रश्न मात्र त्यानेच सोडवला. मशिदीच्या आत हरवल्या-सापडल्याची हाक देण्यास हदीसमध्ये मनाई आहे, ती दारात द्यावी. पण ज्याचे पाकीट गेले तो आमच्या दारात कशाला येईल? वस्तू जेथे सापडली तेथे आणि जेथे माणसे जमतात तेथे सांगावे, हा फुकहांचा नियम. तरुण पुन्हा गणेशपुरीला गेला. पोलीस ठाण्यात नोंद केली, ग्रामपंचायतीच्या फलकावर, कुंडाजवळच्या चहाच्या टपरीवर आणि बस थांब्यावर चिठ्ठी लावली : "नदीकाठी पाकीट सापडले आहे, खूण सांगून न्यावे," आणि खाली आपला फोन नंबर. रक्कम लिहिली नाही, रंगही नाही.

दोन जणांचे फोन आले. एकाने पाकिटाचा रंग चुकीचा सांगितला, दुसऱ्याने आत काय होते हे सांगण्याऐवजी किती पैसे आहेत हेच तीनदा विचारले. काही आठवडे उलटल्यावर तो मला म्हणाला, "मौलाना, आता पुरे झाले ना? किरकोळ रकमेला वर्ष लागत नाही म्हणालात." मी हो म्हटले. मग तोच थोडा वेळ विचार करून म्हणाला, की तेथे येणारे कित्येक लोक वर्षातून एकदाच येतात. ज्याचे पाकीट गेले तो कदाचित येत्या गुरुपौर्णिमेलाच परत येईल, त्याच टपरीवर चहा घेईल.

९७० रुपये मशिदीच्या कपाटात एका पाकिटात ठेवले आहेत, वर तारीख, वहीत क्रमांक. टपरीवाल्याने चिठ्ठी काढून टाकू नये म्हणून तरुण अधूनमधून फेरी मारून येतो. पावसात एक चिठ्ठी भिजून गळून पडली होती, ती त्याने नव्याने लिहून लावली.